सातवं प्रकरण

प्रिय बाबा,

तुम्ही फोनवर येत नाही म्हणून हे पत्र. आईला विचारलं की ती दर वेळी सांगते, ते बागेत आहेत. आपल्याकडे बाग नाही, खिडकीत दोन कुंड्या आहेत आणि त्यातल्या एकीत काही उगवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आईला खोटं बोलायची सवय नाही, ती बोलून झाल्यावर उगाचच खोकते, म्हणून मीच बरं म्हणते आणि फोन ठेवते. पत्र मात्र तुम्ही वाचल्याशिवाय राहणार नाही. घरात आलेला कुठलाही कागद, अगदी पाणीपट्टीचं बिलसुद्धा, तुम्ही हातात पेन्सिल घेऊन वाचता. तेव्हा पेन्सिल घ्या आणि बसा. चुका सापडतील, मी घाईने लिहिते आहे.

तुम्ही का रुसला आहात ते मला कळतंय. आमच्या प्रकाशनाकडून ग्रंथाची नवी आवृत्ती निघणार (आपल्या घरात ग्रंथ म्हटलं की एकच, त्यामुळे नाव लिहीत नाही) आणि मी तुम्हाला फोनवर म्हटलं की तुमची प्रस्तावना त्यात ठेवायची की नाही ते अजून ठरायचंय. तुम्ही म्हणालात, ठीक आहे. तुमचं ते ‘ठीक आहे’ मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यानंतर घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलत नसे. पण बाबा, हा निर्णय माझ्या गळ्यात कसा पडला तेही ऐकून घ्या. आमच्या मालकांना तुम्ही ओळखता. त्यांच्या वडिलांनी तुमची प्रस्तावना छापताना छापखान्याला टाळं लागायची तयारी ठेवली होती. हे गृहस्थ खोलीतला पंखा लावायचा की नाही, तेही चार जणांना विचारून ठरवतात. ते म्हणाले, प्रस्तावना जुनी झाली का ते तुम्हीच बघा, घरचंच माणूस आहे, म्हणजे कुणी पक्षपात म्हणणार नाही. मी म्हटलं, उलट सगळे तेच म्हणतील. तर म्हणाले, म्हणू देत की, तुम्हाला म्हणतील. आणि डबा उघडून जेवायला बसले.

तुमच्या प्रस्तावनेबद्दल लिहायचं तर आधी तुमच्याबद्दल लिहायला हवं. आई तुमच्या पाठीमागे तुम्हाला काय म्हणते सांगू? प्रस्तावनाकार. कुणी घरी येणार असलं की ती म्हणायची, आता आधी यांची प्रस्तावना होईल, मग माणसं आत येतील. आणि व्हायचीच. दाराची घंटा वाजायच्या आधी आम्हाला कळलेलं असायचं की येणारा माणूस हुशार पण आळशी आहे, त्याची बायको त्याच्यापेक्षा जास्त वाचते, आणि त्यांच्या मुलाला गणिताबद्दल चुकूनसुद्धा विचारायचं नाही. मी कॉलेजात पाऊल टाकलं तेव्हा तिथल्या प्रत्येक प्राध्यापकाचं मोजमाप माझ्याकडे आधीच होतं. नाटकाला गेलो की पडदा उघडण्याआधी तुम्ही वाकून कानात सांगायचात की दुसऱ्या अंकात लेखक घसरलाय, आणि मी पहिला अंक त्या घसरण्याची वाट बघत काढायचे. मी ज्याच्याशी लग्न ठरवलं त्याला घरी आणलं, तर तो खुर्चीत नीट टेकायच्या आत तुम्ही त्याला माझी प्रस्तावना ऐकवलीत. हट्टी आहे, पण समजावून सांगितलं की ऐकते. तो बिचारा अजून समजावतोच आहे. मी गाऱ्हाणं मांडत नाहीये, बाबा. तुम्ही सांगायचात ते बहुतेक वेळा खरं निघायचं, आणि तीच पंचाईत होती. मग ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं की तुमच्या, हे कळायला मार्ग राहत नसे.

ग्रंथाची प्रस्तावना तुम्ही लिहीत होतात ते दिवस मला आठवतात. मी फार लहान नव्हते. विद्यार्थ्यांच्या सभेत बोललात म्हणून तुम्हाला कॉलेजातून काढलं होतं, कॉलेजलाही कुलूप होतं, आणि रस्त्यावरून रोज कुणाला तरी गाडीत घालून नेत. जेवणाचं टेबल तुम्ही व्यापलेलं असायचं. ताई आणि मी ताटं घेऊन आतल्या खोलीत पलंगावर बसून जेवायचो, आणि आई मधल्या दारात उभी राहून एक कान तुमच्याकडे आणि एक जिन्याकडे ठेवायची. तुम्ही एकेक पान संपवून तिला वाचून दाखवायचात. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तुमचा आवाज ऐकून वाटायचं की या माणसाला कुणी हात लावू शकत नाही. त्या आवाजाच्या नादानेच मी या धंद्यात आले, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते. पुढचं सगळं वाचताना ते लक्षात असू द्या.

तर मी काम हातात घेतलं आणि पहिली गोष्ट केली ती आमच्या धंद्यातली सगळ्यात कंटाळवाणी. तुम्ही प्रस्तावनेत ग्रंथातली जी जी अवतरणं दिली आहेत ती पुस्तकाशी ताडून बघायला बसले. शब्द चोख जुळत होते, पृष्ठांक मात्र जुळत नव्हते. सुरुवातीला एखाद्या पानाचा फरक, मग वाढत वाढत जाणारा. मला वाटलं, आमच्या जुन्या खिळे जुळवणाऱ्यांनी घोळ घातला असेल. पण घोळ असा शिस्तीत वाढत नाही. म्हणजे तुम्ही लिहिताना तुमच्यासमोर आमचं पुस्तक नव्हतंच, कसं असणार, ते अजून छापलंच नव्हतं. दुसरीच कुठली तरी आवृत्ती होती. कुठली, हे शोधायची काही गरज नव्हती. मी सरळ नवे पृष्ठांक घालून मोकळी होऊ शकले असते. पण तुमचीच मुलगी ना. खाज सुटली की खाजवून रक्त काढल्याशिवाय चैन पडत नाही.

मोठ्या वाचनालयात ग्रंथाच्या सगळ्या आवृत्त्या आहेत. तिथल्या ग्रंथपाल बाई पुस्तक हातात देताना आपलं मूल परक्याकडे सोपवल्यासारखा चेहरा करतात आणि मग समोरच बसून राहतात. त्यांच्या देखरेखीखाली मी एकेक आवृत्ती उघडत गेले. सगळ्यात आधी मला काय दिसलं असेल तर बोटांचे डाग. आमच्या आवृत्तीची वाचनालयातली प्रत घ्या. तुमच्या प्रस्तावनेची पानं हात लागून लागून मऊ झाली आहेत, समासात तीन पिढ्यांच्या खुणा आहेत, एकाने तर तुमच्या वाक्याला वा म्हणून दाद दिली आहे. पुढे मूळ पुस्तक सुरू झालं की खुणा विरळ होतात. सहाव्या प्रकरणापर्यंत कशाबशा पोचतात. आणि सातवं प्रकरण, म्हणजे शेवटचं, पांढरंशुभ्र. पानं उलटताना कुरकुर वाजली. मला हसू आलं, कारण माझ्या स्वतःच्या प्रतीत अगदी हेच आहे. तुम्ही प्रस्तावनेत लिहिलंत की सातवं प्रकरण आजारपणात, घाईघाईने लिहिलेलं असून मूळ विवेचनात काही भर घालत नाही, वाचकाने ते सोडलं तरी चालेल. मग मीही सोडलं. अभ्यासक्रमातूनही ते गेलं. तुमचं ऐकणारी मी काही एकटी नव्हते.

त्या आवृत्त्यांच्या प्रस्तावना वाचताना मला जी मजा आली ती कुठल्याही कादंबरीत आली नसती. सगळ्यात जुनी प्रस्तावना एका न्यायमूर्तींची. राज्य कुणाच्या बळावर चालतं, राज्यकर्त्याचं लोकांनी कुठवर ऐकायचं, असं विचारणारा हा मूळ लेखक, आणि न्यायमूर्ती त्याला पानोपानी सांभाळून घेतात. तो असं म्हणतो खरा, पण त्याला तसं म्हणायचं नाही. तो कायद्याला विरोध करतो, पण मनातून त्याला कायदाच प्रिय आहे. एखाद्या वात्रट पुतण्याला चांगल्या घरात खपवायचं असावं तसं त्यांनी त्याला नटवलंय. त्यानंतरची आवृत्ती पक्षाची, स्वस्त कागदावर छापलेली. तिची प्रस्तावना पक्षाच्या एका विचारवंतांची. ते पहिल्या ओळीपासून न्यायमूर्तींवर तुटून पडतात, त्यांचा एकही शब्द खरा मानू नका म्हणतात, आणि मग त्याच लेखकाच्या हातात पक्षाचा झेंडा देऊन त्याला मोर्च्यात उभा करतात. त्याच्या काळात पक्ष जन्मालाही आला नव्हता. मग तुमची प्रस्तावना. तुम्ही दोघांचीही सालं काढलीत, आणि काय बहारीने काढलीत! आजही वाचताना मी वाचनालयात मोठ्याने हसले आणि बाईंनी माझ्याकडे बघितलं. पण बाबा, तुमचा लेखकही तुमच्यासारखाच निघाला. ठाम, कुणाला न घाबरणारा, नोकरी गेली तरी मागे न हटणारा. त्या दिवसांत तसाच माणूस हवा होता आणि तुम्ही तो उभा केलात. त्याबद्दल मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. माझी हिंमतच नाही.

मात्र तुमचे पृष्ठांक कुठे जुळले ते सांगते. पक्षाच्या आवृत्तीशी, एकूण एक. आणि बाबा, पक्षाच्या आवृत्तीत सहाच प्रकरणं आहेत. सातवं त्यांनी गाळलं आहे. का गाळलं ते प्रस्तावनेत एका वाक्यात दिलंय: आजारपणात, घाईघाईने लिहिलेलं, मूळ विवेचनात भर न घालणारं. मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग न्यायमूर्तींची प्रस्तावना पुन्हा काढली, कारण कुठे तरी वाचल्यासारखं वाटत होतं. होतंच. त्यांनी सातवं प्रकरण छापलं होतं, पण त्याच शब्दांत त्याची वाट लावून. म्हणजे ज्या माणसाचा एकही शब्द खरा मानायचा नव्हता, त्याचं हे एक वाक्य पक्षाच्या माणसाने जसंच्या तसं उचललं. आणि ज्या दोघांची तुम्ही भर चौकात सालं काढलीत, त्यांचं ते वाक्य तुमच्याही प्रस्तावनेत येऊन बसलं. तुम्ही लिहीत होतात तेव्हा पुस्तक मिळणंच मुश्कील होतं, जुन्या प्रती लोकांनी जाळल्या नाही तर पुरल्या होत्या. तुमच्या हाती पक्षाची आवृत्ती लागली, न्यायमूर्तीही तुम्हाला तिच्याच प्रस्तावनेतल्या उताऱ्यांतून भेटले, आणि ती संपली तिथे तुमच्यापुरता ग्रंथ संपला. पुढे छापताना मालकांच्या वडिलांनी कुठून तरी न्यायमूर्तींची प्रत मिळवून सातवं प्रकरण मागे जोडलं, पुस्तक पुरं असावं म्हणून. तोवर तुम्हाला पकडून नेलं होतं. मी मालकांना विचारलं, बाबांना कुणी कळवलं का. ते म्हणाले, तेव्हा कोण कुणाला काय कळवणार. आणि सुटून आल्यावर, स्वतःच सोडा म्हटलेलं प्रकरण तुम्ही तरी कशाला उघडाल.

मी तिथेच थांबले असते. पण आजारपणाचं वाक्य न्यायमूर्तींनी तरी कुठून आणलं, हे डोक्यातून जाईना. मी ग्रंथपाल बाईंच्या मागे लागले. त्या आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या बघते, मग एक दिवस हात धुवून या म्हणाल्या. लेखक हयात असताना निघालेली पहिली छपाई त्यांच्या कपाटात होती. तिला प्रस्तावना नाही. सुरुवातीला लेखकाचं स्वतःचं अर्ध्या पानाचं निवेदन आहे, जे न्यायमूर्तींनी आपल्या प्रस्तावनेला जागा करताना काढून टाकलं आणि नंतर कुणी परत घातलं नाही. त्यात तो म्हणतो की सातवं प्रकरण मी सगळ्यात आधी लिहिलं, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि पहिली सहा त्याच्यापर्यंत पोचायला म्हणून लिहिली. आजारपणाचा उल्लेख नाही. मी ते बाईंना दाखवलं. इतके दिवस माझ्यावर डोळा ठेवून बसलेल्या त्या बाई उठल्या, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, आणि आम्ही दोघींनी ते अर्धं पान पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी आमचीच आवृत्ती उघडली आणि सातवं प्रकरण वाचलं. डबा तसाच राहिला. इतकी वर्षं ते माझ्या टेबलापासून हाताच्या अंतरावर होतं, आम्हीच छापत होतो, आम्हीच विकत होतो. वाचून झाल्यावर न्यायमूर्तींना ते का नको झालं असेल ते मला समजलं. पक्षाला का नको झालं असेल तेही समजलं, आणि गंमत अशी की त्याचं कारण अगदी उलटं आहे. तुमच्या प्रस्तावनेचं त्यापुढे काय होतं, याचा मात्र मला अंदाज लागेना. कधी वाटतं, तुम्हाला हेच म्हणायचं होतं आणि तुम्हाला हे तेव्हा हाती लागायला हवं होतं. कधी वाटतं, तुम्ही उभा केलेला तो ठाम माणूस दुसऱ्या पानावरच खाली बसेल. मी तुमच्या नजरेने वाचायचा प्रयत्न केला. तो मला नेहमी जमतो. या वेळी जमला नाही.

मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, एक वाक्यच आहे ना, काढून टाका, कुणाला पत्ता लागतोय. आणि खरंच लागला नसता. प्रस्तावना राहिली असती, तुमचं नाव पुठ्ठ्यावर राहिलं असतं, तुम्ही फोनवर आला असतात, आणि कुणी तिऱ्हाइताने उद्या हे उकरून काढून तुमच्या नावाने बोंब मारण्याची भीतीही गेली असती. ती भीती मला आहे, बाबा. या वयात तुमच्याबद्दल कुणी म्हणावं की न वाचता लिहिलं, ही कल्पना मला सहन होत नाही. लाल पेन वाक्यावर टेकवलं होतं. पण मग माझ्या मनात आलं की मी काय करते आहे? तुमच्या आणि त्या प्रकरणाच्या मध्ये न्यायमूर्ती उभे होते, पक्ष उभा होता, आणि आता मी उभी राहते आहे. मालकांना सांगितलं, छपाई थांबवा. ते घाबरले, पण चार जणांना विचारायला वेळ मिळाला म्हणून सुखावलेही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. परवानगी मागायला नाही, आणि जाब विचारायला तर मुळीच नाही. सोबत सातव्या प्रकरणाची पानं पाठवते आहे, तुमच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून मोठ्या टायपात, पुढेमागे काही न जोडता. त्यात काय आहे ते मी एवढ्या लांब पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. जिभेवर आलेलं किती वेळा गिळलं ते मलाच ठाऊक. सांगितलं असतं तर ही पण एक प्रस्तावना झाली असती. वाचून तुम्ही म्हणालात की खरंच घाईने लिहिलंय, तर ते वाक्य राहील, आणि पहिल्यांदाच ते तुमचं असेल. म्हणालात की सगळं नव्याने लिहायचंय, तर मालकांना मी थोपवून धरीन. काहीच म्हणाला नाहीत तरी चालेल. फक्त एक करा, मी रविवारी येईपर्यंत ती पानं उघडू नका. मी समोर बसेन, एक अक्षर बोलणार नाही, चेहराही कोरा ठेवीन. जगातली प्रत्येक गोष्ट तुम्हाला आमच्या आधी माहीत असायची, बाबा. तुम्हाला एखादी गोष्ट पहिल्यांदा वाचताना मी आजवर कधी बघितलेलं नाही. ते मला बघायचंय.

रविवारपर्यंत तोंडाला कुलूप लावून बसलेली,
तुमचीच
धाकटी